डोळ्यांची खुर्ची

आमच्या कारखान्यात डोळा सगळ्यांत शेवटी व्हायचा. कारखाना आपला म्हणायचा. होती ती जुन्या पनवेलमध्ये तळ्याच्या अंगाला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची लांबट खोली. तिथे आम्ही सात-आठ बायका इंग्रजांच्या काळातल्या पशुपक्ष्यांच्या चित्रांत रंग भरायचो. चालवायचे ते शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. त्यांना सगळे सरच म्हणत.

सरांकडे तसल्या चित्रांची काही जाडजूड पुस्तकं होती, वाळवीने कडा खाल्लेली. त्यातल्या चित्रांच्या नुसत्या रेषा ते फिक्या करड्या शाईत जाड कागदावर छापून आणायचे. रंग मात्र हाताने, कारण मूळ चित्रांतही तो तसाच भरलेला होता. रंग वाळला की वरून चहाच्या पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे कागद शंभर वर्षांचा दिसायचा. हे सगळं कर्जतच्या बाजूला निघालेल्या फार्महाऊसांच्या आणि हॉटेलांच्या भिंतींवर जायचं. सर कधी ‘जुनं चित्र’ म्हणायचे नाहीत, ‘जुन्या पद्धतीचं चित्र’ म्हणायचे. पुढचं ज्याने त्याने आपापलं समजून घ्यावं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कळंबोलीकडून येणारी धूळ, जिकडेतिकडे उभ्या राहणाऱ्या इमारती आणि दुपारचं लोडशेडिंग, हे आमचं पनवेल. मी तेव्हा पंचविशीत होते आणि नवऱ्याच्या घरून परत आले होते. परत आले म्हणजे त्याने पाठवलं होतं. आईने आल्या दिवसापासून एकच धोशा लावला होता, ‘दिवाळी झाली की ते लोक न्यायला येतील, आता नीट राहा.’ मला जायचं नव्हतं. पण जायचं नाही म्हणायला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, आणि पिसं रंगवून कुणी उभं राहत नाही.

मी पिसं आणि केस करायची. एका बाईकडे चोच आणि पाय होते, दुसरीकडे गवत-माती-फांद्या. डोळा मात्र फक्त एकीच्याच हातात होता. डोळा करणारीची खुर्ची खिडकीशी असायची. वीज गेली की आम्ही सगळ्या हात बांधून बसायचो, पण तिचं काम चालू राहायचं. तिला कुणी काही विचारायचं नाही. सरसुद्धा तिच्याशी बोलताना आधी घसा खाकरायचे. त्या खुर्चीत बसणारी बाई कुणाच्या घरी राहते, का राहते, नवरा कुठे आहे, असल्या चौकशा आपोआप बंद व्हायच्या. मला ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती की सकाळी रिकामी दिसली तरी छातीत दुखायचं.

खुर्चीत मावशी बसायची. उरणच्या वाटेवरच्या खाडीकाठच्या गावातली कोळीण. हाडापेराने मोठी, नाकात चमकी, आणि तोंड असं की बाजारातल्या बायाही तिला वाट द्यायच्या. तिने तरुणपणापासून पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत आखणी केली होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. ते काम कुणालाही देत नाहीत. डोळा चुकला तर मूर्ती वाया. सरांनी तिला तिथून आणली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, “मावशी, इथे जनावरं आहेत. डोळ्यात माया नको.”

मावशी आठवडाभरात माया विसरली. तिने डोळे घातलेला बिबट्या भिंतीवर नमुना म्हणून टांगलेला होता. त्याच्यासमोर बसून डबा खायला आम्हाला नको वाटायचं. काय करते ती, हे मी बाजूला बसून कितीदा पाहिलं. पिवळा, त्याच्याभोवती तपकिरी, मधे काळा, वर पांढरा ठिपका, आणि सगळं वाळल्यावर डिंकाचा एक थेंब. डिंकाने डोळा ओला दिसतो. हे सगळं मलाही येत होतं. पण मी करून पाहिलं की नुसतं बटण दिसायचं. एकदा मी तिला विचारलंच, तेव्हा ती म्हणाली, “देवाचा डोला मानसाकडं बगतो. जनावराचा डोला मानसाला मोजतो. तुला काय कलनार?”

कळत नव्हतंच. तशी त्या चित्रांत मायेला जागाच नव्हती. सर रंग कालवता कालवता सांगायचे की साहेब लोक आधी पक्षी बंदुकीने पाडायचे, मग तारेने फांदीला बांधून जिवंत असल्यासारखा बसवायचे आणि चित्रकाराला बोलवायचे. डोळ्याचा रंग मेल्यावर लगेच उडतो, म्हणून तो आधी चिठ्ठीवर लिहून ठेवायचे आणि डोळा काढून त्या जागी कापूस भरायचे. ‘अत्यंत लाजरा पक्षी’ असं खाली लिहिलेलं असायचं. मेल्यावर कोण लाजत नाही? जनावरांची तर आणखी तऱ्हा. चित्रकाराने जनावर बघितलेलं नसायचं, बघितलेलं असायचं ते पेंढा भरलेलं कातडं. त्यामुळे साळिंदर फुगलेलं, मुंगसाला माणसासारखे दात, आणि खवल्या मांजर तर एखाद्या कारकुनासारखं खाली मान घालून उभं. आम्ही खूप हसायचो. मग मावशीकडे ते गेलं की हसू थांबायचं, कारण तिने डोळा घातला की तो पेंढा आमच्याकडे बघायला लागायचा.

म्हणूनच आमच्याकडे एक रीत पडली होती. डोळा वाळला की चित्र लगेच पालथं घालायचं. बिनडोळ्यांची चित्रं उताणी, डोळ्यांची पालथी. एवढी सगळी जनावरं बघत असताना बायकांना काम सुधरायचं नाही. सरांनाही ते सोयीचं होतं, चहाचं पाणी मागच्या बाजूनेही द्यावं लागायचं. बांधाबांध व्हायची तेव्हाच काय ती चित्रं उलटून बघितली जायची.

मावशी माझ्याशी वाईट वागायची. वाईट म्हणजे ठरवून. माझ्या पिसांवर ती ब्रशची दांडी आपटायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, “नवऱ्याला पन असंच गुदगुल्या करीत व्हतीस काय गो? म्हनून घालवली?” बायका खाली बघून हसायच्या. माझे कान तापायचे. मी तिचा मनापासून तिरस्कार करायची आणि तिचा हात कसा फिरतो हे डोळ्यांत तेल घालून बघायची. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

तसं बघत होते म्हणूनच मला सगळ्यांत आधी कळलं. त्या पावसाळ्यात मावशीचा ब्रश डोळ्याच्या जागेपाशी जाऊन हवेतच घुटमळायला लागला. मग ती डाव्या हाताची करंगळी चोचीवर ठेवून तिथून अंदाज घ्यायला लागली. एक दिवस खंड्याचा डोळा गालावर पडला. तिने तो कागद मला दिसायच्या आत मांडीखाली सारला. मला दिसला होता.

दुपारी सगळ्या खाली चहाला गेल्यावर तिने माझं मनगट धरलं. “तू बगितलास,” ती म्हणाली. “काचबिंदू हाय. मोतीबिंदू असता तर काडला असता. यो आतलाच हाय, डाक्टर नाय बोलला.”

“मग सरांना सांगा.”

“सांगू? आनि जाऊ कुठं? सुनेच्या दारात बोंबलं निवडायला?” तिने मनगट पिळलं. “ती मना ताट पन पायानं सरकवते. मी हितंच मरनार, या खुर्चीत.”

मग तिने सौदा सांगितला. मी प्रत्येक चित्रात डोळ्याच्या जागी मागून सुई टोचायची, अगदी बारीक. तिच्या बोटाला कागदाच्या पुढून वर आलेलं ते टोक लागलं की पुढचं तिचा हात करील. त्याच्या बदल्यात ती मला डोळा शिकवील. विनंती वगैरे नव्हती. ती मला दुसरं काही म्हणू देणारही नव्हती, पण खरं सांगायचं तर मीही दुसरं काही म्हणणार नव्हते. शिकवते म्हणाली ना, मग झालं.

मी सुया टोचायला लागले. तिने बोटाने टोक चाचपायचं, ब्रश ओठांत घालून अणकुचीदार करायचा आणि डोळा ठेवायचा. पक्षी छान व्हायचे. पक्षी बहुतेक एका बाजूने काढलेले, गोल डोळा, एकच टोक. मी बघत राहायची आणि माझ्या शिकवणीची वाट बघायची. विचारलं की म्हणायची, “उद्या.” पुन्हा विचारलं की, “मी मेल्यावर.” दसरा तोंडावर आला तरी तिने मला साधा पांढरा ठिपका ठेवू दिला नव्हता. तिने मला फसवलं होतं, आणि मी मुकाट्याने सुया टोचत होते. रागाने कधीकधी मी सुई जास्त खुपसायची, टोक तिच्या बोटाला बोचावं म्हणून.

त्याच सुमारास मोठं काम आलं. मुंबईची एक इंटिरियरवाली बाई, कुणाच्या तरी फार्महाऊसवर बार करत होती. तिला पक्षी नको होते. तिला बिबटे, तरस, लांडगे, कोल्हे हवे होते, समोरून बघणारे, दात दाखवणारे. सगळ्या कामाला लागलो. मी तरसाचे केस करून करून कंटाळले, मावशीच्या हाताकडे बघायलाही सवड उरली नाही. चित्रं मावशीकडे जायची, डोळा व्हायचा, पालथी पडायची. थप्पी वाढत गेली.

ती बाई चित्रं बघायला आली तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता. सरांनी थप्पीतलं वरचं चित्र उलटून टेबलावर ठेवलं. ती बाई खिदळायलाच लागली. “ओ माय गॉड, किती गोड! सर, हा तरस आहे? हा तर आशीर्वाद देतोय!”

आम्ही उठून गेलो. तरस होता. ओठ वर ओढलेले, सुळे बाहेर, पाठीवर मी घातलेले राठ केस, आणि त्या सगळ्याच्या मधे गणपतीचे डोळे. लांबट, कडेला पांढरे, वरची पापणी जराशी मिटत आलेली, भक्ताकडे बघावं तसे. सर एकेक चित्र उलटत गेले. लांडगा प्रसन्न होता. कोल्हा कृपाळू होता. बिबट्याच्या डोळ्यांत तर इतकी माया होती की त्याच्यापुढे मोदक ठेवावा. पक्ष्याचा नुसता ठिपका होता तोवर तिचा हात टिकला. पापणी, कोपरे आले तसा दिसेनाशा डोळ्यांचा तो हात जन्मभर जे केलं तेच करायला लागला होता. आणि आमच्या पालथं घालण्याच्या रीतीमुळे कुणालाही पत्ता नव्हता.

एक बाई फिसकन हसली, मग दुसरी. मग सगळ्याच. मीसुद्धा, सरसुद्धा. हसू यावं असंच ते होतं, पोट दुखेपर्यंत.

मावशी खुर्चीत बसून होती. आम्ही कशाला हसतोय हे तिला माहीत नव्हतं. पण आपल्याला माहीत नाही हे कुणाला कळता कामा नये, म्हणून तीही हसायला लागली. आधी थोडं, मग आमच्या सगळ्यांच्या वर आवाज काढून.

सरांचं हसणं थांबलं. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग टेबलावरचा एक कागद उचलला, तिच्यासमोर हातभर अंतरावर धरला आणि म्हणाले, “आणि हे बघा मावशी. हे तर त्याहून भारी.”

मावशीने मांडीवर थाप मारली. “आगो बाय! कसा बगतोय मुडदा!” म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावून हसत राहिली.

सरांनी धरली होती ती कागदाची पाठ होती. कोरी, चहाने पिवळी पडलेली.

आमच्यातली एकेक गप्प होत गेली. शेवटी मावशी एकटीच हसत होती, आणि मग तिलाही ते ऐकू आलं. सर म्हणाले, “ही मागची बाजू आहे, मावशी.” अगदी हळू म्हणाले. ओरडले असते तर मला त्यांचा एवढा राग आला नसता. मुलांना शिक्षा करून करून त्यांना ती कला साधली होती.

मावशी रडली नाही. तिने टेबल चाचपून डोळ्याचा ब्रश घेतला, तो बारीक, तिने वर्षानुवर्षं ओठांत धरून घडवलेला. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की त्या खुर्चीत बसेल तिला तो मिळेल. नेहमीसारखा तिने तो तोंडात घातला, आणि दातांनी केस तोडले. जमिनीवर थुंकले. दांडी माझ्या दिशेने टाकली. मी कुठे उभी आहे ते तिला बरोबर कळलं होतं. “घे,” म्हणाली. “बस आता.” भिंतीला हात लावत ती जिना उतरून गेली. कुणी सोडायला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खुर्चीत बसवलं. एवढी हवीशी खुर्ची, आणि बसल्यावर कळलं की तिचा मागचा पाय डुगडुगतो. सगळी चित्रं नव्याने करायची होती. मी नव्या ब्रशाने डोळे घालायला लागले, आणि एकही जमेना. मेलेले तरी बरे. माझे डोळे बिचारे दिसत होते. सर चित्र उचलायचे, बघायचे, ठेवायचे. चौथ्या-पाचव्या वेळी म्हणाले, “तुम्हाला त्यांची दया येते का? दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर पेणहून कुणाला तरी आणावं लागेल.” दिवाळीनंतर मला न्यायला माणसं येणार होती. आईने घरात फराळाची तयारी काढली होती आणि माझ्या साड्यांना इस्त्री करून ठेवली होती.

मी एसटीत बसून मावशीच्या गावी गेले. तिची चौकशी करायला नाही, माझं येणं वसूल करायला. मी सुया टोचल्या होत्या, तिने शिकवायचं होतं.

ती घराबाहेर ओट्याच्या कडेला बसली होती. समोर सुक्या बोंबलांचा ढीग. ती हाताने चाचपून तुटके वेगळे काढत होती. आतून सून म्हणाली, “बोला तिच्याशी, तिला काय काम हाय?” आणि भांडी आपटली. माझा आवाज ऐकून मावशीचे हात थांबले नाहीत.

“खुर्ची भेटली ना? मंग हितं कशाला तडमडलीस?”

“डोळा शिकवणार होतात.”

“जमत नाय?” ती खूश झाली. सरळसरळ खूश झाली, चेहरा उजळला. “नायच जमनार. तुज्या हातात मिलमिलीतपना हाय.”

“सुया टोचल्या मी. तुम्ही सौदा केला होतात.”

तिने एक बोंबील उचलला, त्याच्या डोक्यापाशी अंगठा फिरवला आणि बाजूला टाकला. मग तिने तोंड माझ्याकडे केलं. डोळे माझ्या कानाच्या जवळपास कुठेतरी लागले होते.

“तुजा नवरा तुला घालवीत व्हता,” ती म्हणाली, “तवा तुज्याकडं कसा बगत व्हता? तसा काड.”

मी उठले. काहीतरी घाणेरडं बोलावं असं वाटलं, सुनेला ऐकू जाईल असं. पण पाठ फिरवली आणि समोर आली ती एसटी धरली.

तो दिवस मी कुणाला कधी सांगितला नव्हता. आईला वाटायचं आमचं भांडण झालं. भांडण नव्हतंच झालं. तो सोफ्यावर बसला होता, मी दारात पिशवी घेऊन उभी होते. तो रागावलेला नव्हता. त्याने मला पायांपासून वर पाहिलं, सावकाश, बाजारात भाजीची जुडी बघतात तसं, आणि ती घ्यायची नाही हे ठरल्यावर त्याने टीव्हीकडे मान वळवली. वळवायच्या आधी एक क्षण त्याची नजर माझ्यावरच होती, पण मी त्यात उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बिबट्या घेतला. पिवळा, तपकिरी, काळा. पांढरा ठिपका मी नेहमीपेक्षा लहान ठेवला आणि किंचित वर सरकवला, टीव्हीच्या बाजूला. वरची पापणी सरळ केली. त्याला झोप नव्हती, रागही नव्हता. डिंक घातला. वाळेपर्यंत मी त्याच्याकडे बघू शकले नाही. शेजारची चोचवाली डबा उघडत होती, तिने एकदा पाहिलं आणि डबा घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

सर आले. भिंतीवरचा मावशीचा जुना बिबट्या त्यांनी खिळ्यावरून काढला आणि माझा लावला. त्या बारमध्ये मग तसे डोळे ओळीने गेले. दिवाळीनंतर माणसं आली तेव्हा मी कामावर होते, आणि आईला सांगून ठेवलं होतं की मला बोलवायला कुणाला पाठवू नकोस. ती चार महिने माझ्याशी धड बोलली नाही. साड्या मात्र तिने कपाटात परत ठेवल्या.

एकदा मी त्यातलं एक चित्र घेऊन मावशीकडे गेले. का गेले, याची बरीच कारणं मला देता येतील आणि सगळी खोटी निघतील. मला तिला हरवायचं होतं. ती त्याच कडेला बसली होती, अंगाने अर्धी झालेली. मी चित्र तिच्या मांडीवर ठेवलं. तिने बोंबलाचे हात लुगड्याला पुसले आणि कागदावर बोट फिरवलं, कडेकडेने, मग आत. एक डोळा सापडला. डिंकाच्या थेंबावर तिचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

“डिंक जास्त झाला,” ती म्हणाली.

तिने नखाने तो थेंब खरवडून पाहिला.

“पन बगतोय मेला,” म्हणाली आणि बोट भाजल्यासारखं उचलून घेतलं. “ने त्याला हितनं.”

परतीच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. चित्र मी मांडीवर घेतलं, आणि गाव मागे पडायच्या आत पालथं घातलं.